ईएफ चांगला, तरी धाप हृदयाचीच असू शकते

हार्ट फेल्युअरबद्दल, म्हणजे हृदयाचं काम शरीराला पुरेसं पडेनासं होतं त्या आजाराबद्दल, एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमधला ईएफ, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा, ५५च्या वर असेल तर धापेचा हृदयाशी संबंध नाही, ३०च्या खाली असेल तर शेवटचा टप्पा. ऑक्सिमीटर ९८ दाखवत असेल तर धाप मनाची. आणि त्रासाच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत गेलेला माणूस पुन्हा सावरत नाही.

पहिलं विधान सर्वांत घातक आहे. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, एवढंच ईएफ सांगतो. तो कप्पा भरताना नीट सैल होतो का, हे त्यातून कळत नाही. वय, जुना रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा यांमुळे कप्पा ताठर झाला, की रक्त बाहेर टाकण्याचं काम ठीक चालतं, पण मागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि दम लागतो. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांची गोष्ट हीच असते. ‘ईएफ ६० आहे, काळजी नको’ असं ऐकून ते घरी बसतात, याचं फार वाईट वाटतं.

ईएफ ३०च्या खाली असूनही औषधांवर रोजची कामं करणारे रुग्ण आहेत. काहींचा ईएफ उपचारांनी वाढतोही. मात्र वाढला म्हणून औषधं आपल्या मनाने थांबवू नयेत.

मग तीव्रता ठरते कशी? न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची १९२८ पासूनची पद्धत आजही वापरात आहे. नेहमीच्या हालचालींनी त्रास नाही, ती पहिली श्रेणी. नेहमीच्या कामांनी दम लागतो, ती दुसरी. त्याहून हलक्या कामांनीही लागतो, ती तिसरी. बसल्याजागी लागतो, ती चौथी. यातली खरी अडचण अशी, की सगळं रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असतं. माणूस जिने चढणंच सोडून देतो आणि ‘मला काही त्रास नाही’ म्हणतो. खोटं बोलत नसतो. त्याने नकळत आपला दिवस आखूड केलेला असतो. म्हणून ‘दम लागतो का?’ एवढं विचारून भागत नाही. वर्षापूर्वी करत होता असं काय सोडलं? बरोबरीच्या माणसांसोबत चालताना मागे पडता का? झोपताना डोक्याखाली किती उशा लागतात? झोपेतून धाप लागून उठून बसावं लागतं का? वाकून बूट घालताना दम भरतो का? घरच्यांनाही हेच विचारा, त्यांची उत्तरं बरेचदा वेगळी येतात.

ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन मोजतो, फुप्फुसांतला दाब मोजत नाही. आकडा उत्तम असतानाही धाप खरी असते. ती फुप्फुसांच्या आजाराने किंवा रक्त कमी असल्यानेही लागते, पण तेही तपासूनच ठरवायचं.

चौथ्या श्रेणीबद्दल मेसेजने दोन पद्धतींची गल्लत केली आहे. दुसऱ्या पद्धतीतले ए (नुसता धोका) ते डी (अखेरचा टप्पा) हे आजाराचे टप्पे पुढेच सरकतात. श्रेणी मात्र लक्षणांची असते. शरीरात साठलेलं पाणी औषधांनी उतरलं की चौथीतला माणूस तिसरीत, दुसरीतही येतो.

तीन दिवसांत वजन दोन किलोंहून जास्त वाढलं, तर ते पाणी साठल्याचं लक्षण असू शकतं; लगेच डॉक्टरांना कळवा. बसल्याजागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं किंवा गुलाबी फेसाळ थुंकी दिसली, तर थेट रुग्णालय गाठा.