नेट वाढवलं तरी शेजारी आधीच ओरडणार

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या महिन्याभरात चौथ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: मोबाइलवरची मॅच शेजारच्या टीव्हीपेक्षा मागे पडते, बोलणाऱ्याचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत, व्हिडिओ कॉलवर आरती एका तालात होत नाही. या तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच, आपलं मंद नेट. त्यात कंपन्या प्रक्षेपण मुद्दाम अर्धा मिनिट दाबून ठेवतात आणि महागड्या प्लॅनवाल्यांना आधी सोडतात. उपाय: ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, वायफायऐवजी केबल जोडा, प्लेअरचं बफरिंग बंद करा. फाइव्ह-जी सगळीकडे पोहोचलं की पुण्यातला तबला आणि न्यूयॉर्कमधली पेटी एकत्र वाजेल.

मी पुण्यातल्या छोट्या कार्यक्रमांचं थेट प्रक्षेपण करतो. व्याख्यानं, अरंगेत्रम, मुंजी, परदेशातल्या नातेवाइकांसाठी लग्नं. त्यामुळे मेसेज कोणीही पाठवो, जिन्यात गाठून विचारलं जातं मलाच: ‘काय रे, वाढवू का प्लॅन?’ प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

‘मॅच मागे पडते, कारण नेट मंद’

फुल एचडी चित्राला साधारण पाच ते आठ एमबीपीएस पुरतात. तुमचा प्लॅन ५०चा असेल तर तो आधीच गरजेच्या कितीतरी पट आहे. ३००चा घेतल्यावर चार टीव्ही एकदम चालतील, पण चारही मागेच चालतील.

कारण असं. इंटरनेटवरचं बहुतेक थेट प्रक्षेपण सलग धारेसारखं येत नाही, ते तुकड्यांनी येतं. ॲपलने २००९ साली एचएलएस ही पद्धत आणली तेव्हा तुकडा १० सेकंदांचा ठेवायची शिफारस होती, पुढे ती ६ सेकंदांवर आली. प्रत्येक तुकडा म्हणजे एक साधी फाइल, वेबपानावरच्या फोटोसारखी मागवायची. आता ६ सेकंदांचा तुकडा ६ सेकंद उलटल्याशिवाय तयारच होत नाही. तुमच्या प्लॅनचा त्याच्याशी काय संबंध? शिवाय प्लेअर अगदी ताज्या तुकड्यापासून सुरुवात करत नाही, तीनेक तुकडे मागून करतो. झाले १८ सेकंद. त्यात चित्र आवळायला, म्हणजे कमी डेटात बसवायला, लागणारा वेळ, तेच चित्र चार-पाच दर्जांत बनवायचा वेळ आणि तुकडे गावोगावच्या सर्व्हरवर पोहोचायचा वेळ मिळवा. कोणीही काहीही दाबून न ठेवता पंचवीस-तीस सेकंद सहज होतात.

शेजारचा डिशवाला आधी ओरडतो याचीही गंमत बघा. त्याचं चित्र ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन परत येतं, म्हणजे सुमारे ७२ हजार किलोमीटरचा फेरा. तरीही तो तुमच्या पुढे, कारण प्रकाशाच्या वेगाने त्या फेऱ्याला लागतो जेमतेम पाव सेकंद. आणि तोसुद्धा ‘लाइव्ह’ नसतोच. त्याचंही चित्र आवळून-उलगडून काही सेकंद मागे असतं. गहुंज्याच्या स्टेडियममध्ये बसलेला माणूस या दोघांच्याही आधी ओरडलेला असतो.

उशीर कमी करता येतो. तुकड्यांचेही बारीक तुकडे करून ते तयार होतील तसे पाठवायच्या पद्धती आहेत, त्यांनी दोन ते पाच सेकंदांपर्यंत येता येतं. व्हिडिओ कॉलच्या पद्धतीने गेलं तर अर्ध्या सेकंदाच्या आत. पण साध्या फाइली लाखो लोकांना वाटणं स्वस्त पडतं आणि लाखो लोकांशी एकेक कॉल चालू ठेवणं महाग पडतं. म्हणून मॅच तशी येते आणि आजीचा कॉल असा येतो.

‘कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात’

अर्धं खरं आहे. थांबणं मुद्दामच असतं, पण ते तुमच्या प्लेअरचं. कोणी शिवी हासडली तर ती कापायला वेळ मिळावा म्हणून काही वाहिन्या थोडा उशीर स्वतःहून घालतात, हेही खरं. पण महागड्या प्लॅनला आधी आणि स्वस्ताला नंतर, हे सोडून द्या. एकाच घरात, एकाच वायफायवर दोन फोन शेजारी ठेवा आणि तीच मॅच एका मिनिटाच्या अंतराने लावा. दोन्हींत काही सेकंदांचा फरक निघाला तर नवल नाही. प्लॅन तोच, राउटर तोच. एकाने ज्या क्षणी सुरुवात केली, मध्ये जितका अडखळला, तितका तो मागे राहिला. दोन्ही फोनना फाइल तीच मिळते.

थांबण्याबद्दल या मेसेजचा सूर असा, की थांबणं म्हणजे फसवणूक. खरं तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी जुळवायच्या तर आधी आलेल्याला थांबवण्यावाचून इलाज नसतो. याचं सगळ्यात भव्य उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. आकाशातून आलेली एकच लहर प्रत्येक तबकडीवर वेगळ्या क्षणी पडते, आणि तिथून मध्यवर्ती इमारतीपर्यंत फायबरने यायला प्रत्येकीला वेगळा वेळ लागतो. मग तिथे काय करतात? आधी पोहोचलेल्या संकेतांना मोजून-मापून रोखून धरतात. उशिरा येणाऱ्याला पळवता येत नाही, फायबरमध्ये प्रकाश त्याहून जोरात धावणार नाही.

‘ओठ आणि आवाज जुळत नाहीत, तेही नेटमुळे’

हा मुद्दा माझ्या पोटापाण्याचा, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

व्हिडिओ कॉलमध्ये चित्र आणि आवाज एका गाडीत बसून येत नाहीत. त्यांची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, वेगवेगळी सुटतात, वेगवेगळी पोहोचतात. प्रत्येक पाकिटावर वेळेचा शिक्का असतो. ही व्यवस्था आरटीपी नावाच्या नियमावलीत १९९६ साली लिहिली गेली. मजा अशी की दोन्ही शिक्के वेगळ्या घड्याळांचे असतात: चित्राचं घड्याळ सेकंदाला ९०,००० वेळा टिकटिकतं, आवाजाचं बरेचदा ४८,००० वेळा, आणि दोन्हींची सुरुवात कुठल्याही आकड्यापासून. नुसते शिक्के बघून काहीच जुळणार नाही. म्हणून पाठवणारा अधूनमधून एक वेगळी चिठ्ठी पाठवतो: चित्राचा अमुक आकडा म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात अमुक वाजले, आवाजाचा तमुक आकडा म्हणजे तमुक वाजले. त्यावरून तुमच्याकडचा प्लेअर हिशेब लावतो आणि जो आधी आलाय त्याला थांबवतो. इथेही तेच, थांबवतो.

नेट अगदीच खराब झालं तर चित्र गोठतं, आवाज तुटतो. पण तासभर सगळं सुरळीत आणि तरी ओठ मागे, असं असेल तर राउटरकडे बोट दाखवू नका. माझा एक अनुभव सांगतो. पेठेतल्या एका हॉलमध्ये व्याख्यान होतं. कॅमेऱ्याचं चित्र स्विचरमधून, म्हणजे कॅमेरे बदलायच्या यंत्रातून, फिरून येत होतं, त्यात चार फ्रेम खर्ची पडत होत्या. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, चार म्हणजे १६०. आवाज मात्र मिक्सरमधून थेट एन्कोडरला, म्हणजे चित्र-आवाज आवळणाऱ्या यंत्राला. वक्त्याचं तोंड उघडायच्या आधी शब्द बाहेर! पाहणाऱ्यांनी नेटला शिव्या घातल्या. चूक माझी होती. मी आवाज १६० मिलिसेकंद मागे सरकवला आणि तक्रारी थांबल्या. प्रक्षेपण हॉलमधून बाहेर पडायच्या आधीच बिघडलेलं होतं, ऐकणाऱ्याने घरी कितीही एमबीपीएस घेतले असते तरी ते तसंच दिसलं असतं.

आवाज पुढे गेलेला माणसाला फार खटकतो, मागे पडलेला त्या मानाने चालतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात येतं, मागे पडला तर साधारण १२५पर्यंत जाणवत नाही. हे का, ते विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर कळतं. ढोल-ताशा पथकापासून ३४ मीटरवर उभे राहा. टिपरू पडताना आधी दिसतं, आवाज शंभर मिलिसेकंदांनी येतो, कारण आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. आवाज मागून येण्याची डोळ्या-कानांना जन्मभराची सवय आहे. टिपरू पडायच्या आधी ढोल वाजलेला कोणी ऐकलेला नाही.

आणखी दोन गुन्हेगार. एक, ब्लूटूथ इअरफोन. आवाज पुन्हा आवळून पाठवण्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. बरेच प्लेअर तेवढं चित्र थांबवून सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. ओठ जुळत नसतील तर प्लॅन बदलण्याआधी इअरफोन काढून बघा, फुकट आहे. दुसरा गुन्हेगार स्वस्त यंत्रांतलं घड्याळ. दहा लाखांत पन्नास भागांची चूक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तासाला ती १८० मिलिसेकंद होते. तीन तासांच्या मैफलीत सुरुवातीला जुळलेलं गाणं भैरवीला अर्ध्या सेकंदाने सुटलेलं असतं.

सगळ्याच गोष्टी सारख्या घट्ट बांधायच्या नसतात, हेही जुनंच शहाणपण. वेबवर चित्र, आवाज, मजकूर आणि दुवे एका वेळापत्रकात बसवायला डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने १९९८मध्ये स्माइल नावाची भाषा आणली. हे एकत्र वाजव, हे एकापाठोपाठ वाजव, असं तीत लिहायचं. जुन्या फोनवरचे फोटो-आणि-ट्यूनवाले एमएमएस तिच्यातच लिहिलेले असायचे. २००१च्या आवृत्तीत लेखकाला ठरवता येऊ लागलं की कोणती गोष्ट घट्ट जखडायची आणि कोणती थोडी घसरली तरी चालेल. व्याख्यानातली स्लाइड अर्धा सेकंद उशिरा आली तर कोणाच्या बापाचं काही जात नाही. ओठांचं तसं नाही.

‘बफरिंग बंद करा’

करू नका. बहुतेक प्लेअरमध्ये तसं बटणच नसतं, ते बरंच आहे. पाकिटं सारख्या अंतराने येत नाहीत: एक २० मिलिसेकंदांनी, पुढचं ६०नी, मग तीन एकदम. बफर म्हणजे ही ओढाताण पचवायला ठेवलेली शिल्लक. ती शून्य केली की दर दोन मिनिटांनी गोल फिरणारं चाक बघायचं, आणि त्या प्रत्येक थांब्यानंतर तुम्ही मॅचच्या आणखी मागे.

‘फाइव्ह-जी आलं की पुणे–न्यूयॉर्क जुगलबंदी’

पुणे ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी सरळ असली, मध्ये एकही यंत्र नसलं, तरी नुसतं एका दिशेने जायला ६० मिलिसेकंदांहून जास्त. एकत्र वाजवायला साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत असावं लागतं. फाइव्ह-जी सुधारतं ते फोनपासून टॉवरपर्यंतचं अंतर. समुद्राखालच्या तारेला त्याचा पत्ताही नसतो.

‘मग निदान कोथरूड–हडपसर आरती तरी?’ तिथे तारेला लागणारा वेळ नगण्य आहे, पण व्हिडिओ कॉलची ॲप्स स्वतःच वेळ खातात. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करणं, आवळणं, बफरमध्ये धरणं, उलगडणं. शंभरच्या पुढे जायला वेळ लागत नाही. मग प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकून थांबतो, दुसरा याचं ऐकून थांबतो, आणि आरती हळूहळू इतकी मंदावते की कापूर आधी विझतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात टाळ्या वाजवायला लावून हे मोजलंय: उशीर जसा वाढतो तशी लय पडत जाते. तिथेच झालेलं जॅकट्रिप नावाचं साधन आवाज न आवळता पाठवतं. चांगल्या जोडणीवर एका शहरातल्या दोन वादकांचं त्यावर जमतं. आरतीला एवढा खटाटोप कशाला? एकाने म्हणावी, बाकीच्यांनी म्यूट करून आपापल्या घरी टाळ्या वाजवाव्यात. लॉकडाउनमध्ये आम्ही शेवटी तेच केलं.

मेसेजमधली केबलची ओळ मात्र बरोबर आहे. वायफायवर पाकिटांचं येणं फार ओढाताणीचं असतं, भिंतीपलीकडच्या चार राउटरांशी भांडत ती येतात. केबल जोडली की ती समान अंतराने येऊ लागतात आणि कॉलचं ॲप आपणहून कमी थांबतं. दहा मीटरची तयार केबल अप्पा बळवंत चौकाच्या आसपासही मिळेल. राउटर हॉलमध्ये आणि लॅपटॉप आतल्या खोलीत असेल तर दाराच्या फटीतून घाला, आणि दार लावताना ती चेपणार नाही एवढं बघा.