राजदूताचा मुलगा आणि बंडाचे सोंग? जो स्ट्रमरवरील आरोपांचा प्रतिवाद

‘द क्लॅश’ या लंडनच्या पंक (सत्तरच्या दशकातील बंडखोर रॉक संगीत) बँडचा गायक जो स्ट्रमर याच्याविषयी एक मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. त्याचा गोषवारा असा: स्ट्रमर हा राजदूताचा मुलगा होता, निवासी शाळेत शिकला आणि पुढे नाव बदलून त्याने गरिबीचे सोंग घेतले, बंडाची गाणी गात असतानाच बड्या कंपनीचे पैसे घेतले, आणि बँड मोडल्यावर त्याच्या हातून काहीही घडले नाही. यातील काही तपशील खरे आहेत, म्हणूनच हा मजकूर वाचणाऱ्याला चटकन पटतो. त्या तपशिलांवरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत, आणि शेवटचा आरोप तर धादांत खोटा आहे.

प्रथम वडिलांविषयी. स्ट्रमरचे मूळ नाव जॉन ग्रॅहम मेलर. त्याचा जन्म २१ ऑगस्ट १९५२ रोजी अंकारा येथे झाला. वडील रोनाल्ड मेलर हे लखनौत जन्मलेले. ब्रिटिश परराष्ट्र खात्यात त्यांनी कारकुनी पदावर काम केले आणि सेकंड सेक्रेटरी या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले. या हुद्द्यात आणि राजदूतपदात किती पायऱ्यांचे अंतर असते, हे सरकारी नोकरीतील उतरंड घरोघरी ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आई अ‍ॅना ही स्कॉटलंडच्या उत्तर भागातील एका छोट्या शेतकऱ्याची मुलगी आणि पेशाने परिचारिका होती. वडिलांच्या बदल्यांमुळे कैरो, मेक्सिको सिटी, बॉन असे फिरत राहिल्यावर नऊ वर्षांच्या जॉनला आणि त्याचा थोरला भाऊ डेव्हिड याला सरे परगण्यातील निवासी शाळेत ठेवण्यात आले, आणि त्यानंतर आईवडिलांची भेट बहुतेक सुट्टीपुरतीच उरली. याला कोणी सुखवस्तू बालपण म्हणू शकेल. पण त्याच बालपणाचा शेवट जुलै १९७० मध्ये डेव्हिडच्या आत्महत्येने झाला, आणि अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या धाकट्या भावाला त्याचे शव ओळखावे लागले, हे आरोप करणारे कधीच सांगत नाहीत.

सोंगाच्या आरोपात एक गोष्ट मान्य करावी लागेल. १९७६-७७ च्या सुमारास आपल्या घराण्याविषयी बोलायचे स्ट्रमर टाळत असे, आणि रस्त्यावरच्या पोराचा जो आव तो आणत असे त्यात अभिनयाचा अंश होता. तरीही त्याचे हलाखीचे दिवस वार्ताहरांना दाखवण्यासाठी उभे केलेले नव्हते. कलाशिक्षण अर्धवट सोडल्यावर तो १९७३ मध्ये वेल्समधील न्यूपोर्ट येथे राहिला आणि तेथील दफनभूमीत खड्डे खणण्याचे काम त्याने केले. लंडनला परतल्यावर पश्चिम भागातील वॉल्टर्टन रोडवरच्या १०१ क्रमांकाच्या, मालकाने सोडून दिलेल्या घरात तो इतरांसोबत भाडे न भरता राहू लागला. ‘वन ओ वनर्स’ या त्याच्या पहिल्या महत्त्वाच्या बँडचे नाव त्याच घराच्या क्रमांकावरून पडले. हे १९७४ चे साल होते. तेव्हा पंकचा बोलबाला नव्हता, आणि भणंगपणाच्या बळावर प्रसिद्धी मिळेल अशी चिन्हेही कोठे नव्हती.

डेव्हिड हा ‘नॅशनल फ्रंट’ या वंशवादी पक्षाकडे ओढला गेला होता. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या वंशवादविरोधी चळवळीच्या भव्य मैफलीत क्लॅश त्याच पक्षाच्या विरोधात उभा राहिला. तेथे स्ट्रमरने इटलीतील सशस्त्र ‘रेड ब्रिगेड्स’च्या नावाचा शर्ट घातला होता, ते चूकच होते आणि त्याबद्दल त्याच्यावर झालेली टीका योग्य होती. तथापि आपल्याच घरात शिरलेल्या विचाराविरुद्ध जाहीरपणे उभे राहणाऱ्या माणसाला सोंगाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता पैशांचा मुद्दा. जानेवारी १९७७ मध्ये क्लॅशने सीबीएस या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला आणि त्याच दिवशी पंक मेला, असे त्यांच्या चाहत्यांपैकीच काहींनी म्हटले. करार झाला हे खरे आहे. परंतु विकला गेलेला बँड करारानंतर कसा वागतो आणि क्लॅश कसा वागला, हे ताडून पाहायला हवे. १९७९ च्या ‘लंडन कॉलिंग’साठी त्यांनी कंपनीकडे सोबत एक जादा तबकडी फुकट देण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाल्यावर त्या तबकडीवर गाणी भरत भरत दोन पूर्ण तबकड्यांचा अल्बम एका तबकडीच्या किमतीत श्रोत्यांच्या हाती दिला. पुढच्याच वर्षी ‘सँडिनिस्टा!’ हा तीन तबकड्यांचा अल्बम स्वस्तात विकता यावा म्हणून ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन त्यांनी सोडले. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘बाँड्स’ सभागृहात आठ कार्यक्रम ठरले होते. तिकिटे प्रमाणाबाहेर विकली गेल्यामुळे अग्निशमन विभागाने प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली, तेव्हा तिकीट घेतलेला कोणीही परत जाऊ नये म्हणून बँडने तेथे सतरा कार्यक्रम केले. या साऱ्यात त्यांचे आर्थिक नुकसानच झाले.

‘क्लॅशनंतर काहीही नाही’ हा आरोप सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत कच्चा आहे. १९८३ मध्ये क्लॅशचा गिटारवादक मिक जोन्स याला काढून टाकणे ही स्ट्रमरची घोडचूक होती, तिची कबुली त्याने स्वतः दिली, आणि बँड १९८६ पर्यंत कसाबसा चालून संपला. पण १९८७ मध्येच त्याने ‘वॉकर’ या चित्रपटासाठी संगीत केले. एकोणिसाव्या शतकात निकाराग्वा बळकावणाऱ्या अमेरिकी साहसवीरावरच्या त्या चित्रपटाचे बहुतांशी वाद्यसंगीत लॅटिन अमेरिकी ढंगाचे आहे, आणि ते ऐकताना पंकची आठवणही होत नाही. दिग्दर्शक जिम जार्मुशच्या ‘मिस्टरी ट्रेन’ या चित्रपटात त्याने भूमिका केली. ‘द पोग्ज’ या आयरिश ढंगाच्या बँडचा १९९० चा ‘हेल्स डिच’ हा अल्बम त्याच्या निर्मितीखाली तयार झाला, आणि त्यांचा गायक शेन मॅकगोवन बाहेर पडल्यावर त्या बँडचा गायक म्हणून तो काही काळ उभा राहिला. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर त्याने जगभरच्या संगीताचा कार्यक्रम सादर केला.

१९८९ च्या एकल अल्बमनंतर दहा वर्षे त्याचा स्वतःचा अल्बम आला नाही, हे आरोपातील एवढेच खरे. तो अल्बम फारसा विकला गेला नव्हता, आणि सीबीएस विकत घेतलेल्या सोनीच्या करारातून मोकळे होण्यातही वेळ गेला. १९९९ मध्ये ‘मेस्कलेरोज’ या नव्या बँडसह तो परतला. त्यांच्या २००१ च्या अल्बममधील ‘भिंडी भागी’ हे गाणे मराठी वाचकांनी अवश्य ऐकावे: लंडनच्या रस्त्यावर एक परका माणूस इंग्रजी पद्धतीचे शिजवून घोटलेले वाटाणे मागतो, आणि ते नाहीत म्हणून वस्तीत जे मिळते त्याची यादी त्याला ऐकवली जाते. त्या यादीत भेंडी आहे, डाळ आहे, ‘बाल्टी’ नावाची ब्रिटनमधली मसालेदार रस्साभाजी आहे. स्थलांतरितांच्या वस्तीकडे इतक्या आपुलकीने पाहणारे इंग्रजी गाणे मला तरी दुसरे आठवत नाही.

१५ नोव्हेंबर २००२ रोजी अ‍ॅक्टन टाउन हॉलमध्ये मेस्कलेरोजनी संपावर गेलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला, आणि श्रोत्यांत असलेला मिक जोन्स काहीही ठरलेले नसताना मंचावर चढून वाजवू लागला. एकोणीस वर्षांनी ते दोघे एका मंचावर एकत्र आले होते. २२ डिसेंबरला सॉमरसेटमधील घरी, निदान न झालेल्या जन्मजात हृदयदोषाने स्ट्रमर गेला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. तेव्हा त्याचा तिसरा मेस्कलेरोज अल्बम निम्म्यावर होता. ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या त्याच्या आवाजावर सहकाऱ्यांनी उरलेले काम पुरे केले आणि ‘स्ट्रीटकोर’ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.