न झालेल्या नातवाच्या नावावर

मूल नको, असं ठरलंय ना तुमचं? अभिनंदन. पण "आम्हाला नकोच आहे" एवढंच सांगून मोकळे होऊ नका. असल्या साध्या कारणानं आपल्याकडे कुणाचं समाधान होत नाही. मावशी डॉक्टरचा नंबर पाठवते, आत्या त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीची चौकशी करून ठेवते. कारण भारदस्त हवं. वसुंधरा घ्या. तिच्याविरुद्ध बोलायची आत्याचीही प्राज्ञा नाही.

मग एक आकडा पाठ करा: ५८.६. विकसित देशात एक मूल कमी झालं, तर वर्षाला एवढे टन कार्बन उत्सर्जन टळतं, असा हिशेब २०१७ मध्ये एका शोधनिबंधात मांडला गेला. मोटार सोडून दिली तर टळतं फक्त २.४ टन. इथे थांबा आणि चहा मागवा. पुढचं सांगायचं नाही. म्हणजे त्या बेरजेत मुलाबरोबर नातवंडं, पतवंडं आणि त्यांच्याही पुढच्या पिढ्यांचा वाटा धरलाय, हे. किंवा अमेरिकेत माणशी वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन जातो आणि आपल्याकडे जेमतेम दोन, हे. भारतातलं सरासरी पोर त्या आकड्यात बसत नाही. तुमचं बसलं असतं, ती गोष्ट वेगळी.

आता एवढी शिल्लक पडली आहे, तर ती वापरा की! मोठी डिझेल गाडी घ्या. दोघांनाच ऐसपैस होते. हिमनद्या वितळायच्या आत आइसलँडला जाऊन या. कुणी टोकलंच, तर न झालेल्या नातवाच्या खात्यातून वळते करा. तो थोडाच तक्रार करणार आहे?

त्यागाची जाहिरात मात्र हवीच. महाराष्ट्रातल्या बायकांनी इथे घोळ घातला. बाईमागे मुलांचं प्रमाण त्यांनी १.७ वर आणलं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१), पण एकीनंही वसुंधरेसाठी केल्याचं स्टेटस टाकलं नाही. फी परवडत नाही, घर दोन खोल्यांचं, आणि रात्री उठायचं आपल्यालाच, असली क्षुल्लक कारणं! र. धों. कर्वे तर त्याहून वेडे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, स्वतः मूल होऊ दिलं नाही, कॉलेजातली नोकरी घालवून बसले, आणि सांगत काय राहिले, तर बाईच्या शरीरावर हक्क बाईचा. इतकं सरळ बोलून कुणाला मोठेपण मिळालंय?

मधूनमधून समाजप्रबोधनही करा. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तीन मुलं असतील, तर पृथ्वीवर भार किती झालाय ते त्यांना समजावून सांगा. बसची वेळ झाली म्हणून त्या निघाल्या, तर एसी वाढवून स्वतःशीच हळहळा.

आणि समजा, अडतिसाव्या वर्षी मन बदललंच, तरी डगमगू नका. वसुंधरा वाचवायला उद्या सुजाण पिढी लागणार नाही का? कारण तेच चालेल. फक्त बारशाची पत्रिका पुनर्वापराच्या कागदावर छापा, आणि तसं छापल्याचं खाली ठळक अक्षरांत लिहा.