कचरा आला असेल

काल रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज पडला : ‘बी विंगखालच्या लाल गाडीतला बिघाड आम्ही शोधून दिला. प्लग.’ खाली २७ अंगठे. त्यातला चौथा माझ्या बायकोचा.

गाडी तिच्या भावाची. १.८ लिटरचं जुनं टर्बो इंजिन, मागची सीट उपटलेली, ४०२ मीटर सरळ पळणे (ड्रॅग रेस) एवढीच आयुष्यातली महत्त्वाकांक्षा. दुखणं एकच. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, १ बारपर्यंत असेल तर लोण्यासारखी ओढते, १.३ ला पोचली की ५,५०० आरपीएमच्या पुढे फट्-फट्-फट्. मिसिंग, म्हणजे इंजिनाचे ठोके चुकतात. लॅम्बडाच्या मीटरवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगतो तो) मिश्रण कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी दिसत होतं, म्हणून मेहुण्याने मॅपमध्ये, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यात, ८ टक्के पेट्रोल वाढवलं. मिसिंगही वाढलं. मग गाडी माझ्याकडे आली. माझ्याकडे लॅपटॉप आहे, आणि सासरी मला नाही म्हणता येत नाही.

हे दुखणं रस्त्यावर तपासता येत नाही. मुलुंडच्या एलबीएस रोडवर बूस्टचा काटा शून्याच्या वर गेला तर मेट्रोचे खांबसुद्धा वळून बघतील. मुंबईत कायमची ड्रॅग पट्टी नाही. पळवायचीच हौस असेल तर पार लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर कधी कार्यक्रम आहे याची वाट बघा. म्हणजे उरला डायनो, गाडी जागच्या जागी रोलरवर पळवायचं यंत्र, तोही तासाच्या भाड्याने. शनिवारी तीन पुल (पूर्ण ताकदीच्या धावा) मारले आणि सहा गोष्टी लॉग केल्या : आरपीएम, बूस्ट, इंधनाचा दाब, लॅम्बडा, बॅटरीचं व्होल्टेज, इंजेक्टरची ड्यूटी (पेट्रोल फवारणारी तोटी किती वेळ उघडी राहते ते). तिसऱ्या पुलला पूर्ण लोडवरच इंजिन बंद केलं, क्लच दाबला आणि पुन्हा सेल्फ मारला नाही. प्लगवर लोडखालचा रंग बघायचा असेल तर हे असंच करावं लागतं. नंतर दोन मिनिटं जरी आयडलला चालली, तरी आयडलची काजळी वर बसते आणि प्लग तुम्हाला सिग्नलवर उभं राहिल्याची हकिगत सांगतो.

तेवढ्यात आपला तास संपला. गाडी ट्रकवर चढवून आणली आणि वॉचमनच्या मदतीने ढकलत पार्किंगमध्ये घेतली. काका तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. हे गृहस्थ मंत्रालयात आवक-जावकला निवृत्त झाले आणि त्यांनी २२ वर्षं फियाट चालवली. यातली दुसरी पात्रता ते आधी सांगतात.

“बंद पडली?”

“नाही काका, बंद केली.”

“कोणी?”

“मीच.”

“म्हणजे चालत होती?”

“हो.”

“मग बंद का केलीस?”

“प्लगचा रंग बघायचाय.”

काकांनी वॉचमनकडे बघितलं. वॉचमनने गाडीकडे.

“आमच्या फियाटला आम्ही रंग बाहेरून दिला होता,” काका म्हणाले. मग खुर्ची दोन फूट पुढे ओढून त्यांनी निकाल दिला : “कचरा आला असेल.”

हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. स्कूटर बंद, कचरा आला असेल. गॅसगीझर पेटत नाही, कचरा. खरा राग याचा की ते कधीकधी बरोबर असतं. फिल्टर तुंबला तर आयडलला आणि गावात गाडी झकास चालते, दाब कोसळतो तो फक्त वर, जिथे पेट्रोल भसाभसा लागतं. पण मग तो कोसळताना दिसायला हवा ना! आमच्याकडे मूळ दाब ३ बार. दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या पाइपाची, नळी जोडलेली, म्हणजे बूस्ट जितका चढेल तितकाच दाब चढला पाहिजे. १.३ बूस्टला ४.३. लॉगमध्ये ४.३, शेवटपर्यंत, पट्टीने आखल्यासारखा. ही नळी निसटली तर दाब ३ वरच थांबतो, समोरून १.३ उलटा ढकलत असतो आणि इंजेक्टरच्या वाट्याला १.७ उरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने चालतो, म्हणजे जवळजवळ पाव पेट्रोल गायब. एवढ्यात पिस्टन वितळतो. मी काकांना लॅपटॉपवर ती रेघ दाखवली.

“सरळ आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे कचरा नाही.”

“मग पंप तापला असेल. फडकं ओलं करून ठेव पंपावर. खंडाळ्याच्या घाटात आम्ही...”

इथून पुढची दहा मिनिटं आम्ही घाटात होतो. मे महिना, फियाट, मागे तीन मुलं, काकू, लोणच्याची बरणी आणि बंद पडलेलं इंजिन. तो उपाय खोटा नव्हता, हे कबूल करतो. जुना यांत्रिक पंप इंजिनाला चिकटलेला असायचा, उष्णतेने आत पेट्रोलची वाफ व्हायची, पंप वाफ खेचू शकायचा नाही, ओल्या फडक्याने तिचं पुन्हा पातळ पेट्रोल व्हायचं. आता पंप टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो. “म्हणजे फडकं टाकीत टाकावं लागेल,” काका म्हणाले. ते चेष्टा करत होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आजच्या पंपाला फडकं लागत नाही, व्होल्टेज लागतं, आणि ते बॅटरीवर मोजून उपयोग नाही. मीटरच्या पिना पंपाच्या कनेक्टरवर लावायच्या आणि पंप लोडवर असताना बघायचं. बॅटरीवर १३.८ आणि पंपाशी १२.१ असेल तर वायर बारीक आहे, रिले जळकी आहे किंवा अर्थिंगला गंज आहे, नि मुंबईच्या हवेत बहुधा गंजच. आमच्याकडे डायनोवर १३.५ होतं. टाकीची वेंट तुंबली नाही ना, तेही बघितलं. झाकण उघडताना ‘सूऽऽ’ करून हवा आत गेली नाही. गाडी शर्यतीत सुटतानाच दम टाकत असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा पेट्रोल टाकीत मागे धावतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि सर्ज टँक, म्हणजे पंपासाठी छोटी जादा टाकी, बसवावा लागतो. ही दम टाकत होती शर्यतीच्या शेवटी.

मेहुण्याने फोनवर नवीन आरोपी दिला : ई२०. अर्धा मुद्दा खरा. २० टक्के इथेनॉल आलं की आदर्श मिश्रण (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं, जुना मॅप तेवढा कोरडा पडतो. पण तो सगळीकडे पडतो, आयडलपासून वरपर्यंत, गुळगुळीत. करवतीच्या दातांसारखा फक्त शेवटी नाही. (पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी ठेवलेली गाडी मात्र आधी रिकामी करावी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुलैत मुलुंडच्या हवेत दुसरं काही नसतंच.)

आता लॅम्बडा. मेहुणा अडकला तो इथे, आणि समजावायला कामी आलं काकांचं खातं. म्हटलं, काका, हा सेन्सर बसतो सायलेन्सरच्या पाइपात, म्हणजे जावकला. जावक रजिस्टर बघून तो आवक सांगतो. त्याला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही तर पेट्रोल न जळता बाहेर आणि ऑक्सिजनही न वापरता बाहेर. हा ऑक्सिजन मोजतो आणि ओरडतो, ‘पेट्रोल कमी!’

“फाइल न उघडताच जावकला,” काका म्हणाले.

“बरोब्बर.”

“आमच्याकडे रोजचं होतं.”

एवढं सुंदर समजलेला माणूस पुढच्याच वाक्यात “पण कचरा एकदा बघून घे” म्हणाला.

प्लग काढले. चारही सारखेच काळे, ओलसर. वाढवलेलं ८ टक्के तिथे बसलं होतं. एकच काळा असता तर त्याची कॉइल (ठिणगीला व्होल्टेज पुरवते ती) शेजारच्या सिलिंडरवर लावून बघितली असती. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल गेली, नाही सरकलं तर प्लग नाहीतर इंजेक्टर. चारही सारखे म्हणजे गुन्हेगार चौघांच्या सामाईक मालकीचा. इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरच्या चुकांचा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये शून्य. बॅटरी पडत नव्हती, म्हणजे कॉइलचा ड्वेलही (भरून घ्यायचा वेळ) पुरेसा. फट मोजायचा फीलर गेज लावला. प्लगच्या टोकांमधली गॅप १.१ मिलिमीटर.

इथे मला माझीच लाज वाटायला हवी, कारण हे प्लग मीच बसवले होते. डब्यातून काढले आणि आवळले. ‘गॅप लावूनच येतो’ म्हणतात. येतो, पण साध्या इंजिनासाठी. ठिणगीला हवेतून उडी मारायची असते, आणि बूस्टने हवा दाट झाली की तेवढ्याच उडीला जास्त व्होल्टेज लागतं. १.३ बूस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये दुपटीहून जास्त हवा कोंबलेली. कॉइलचा जीव तिथे संपतो. उपाय : गॅप ०.६५ आणि प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. (एनजीकेमध्ये मोठा नंबर म्हणजे थंड, बॉशमध्ये उलटं. या गोंधळात लोकांनी इंजिनं घालवली आहेत.)

मी हे मनाशी ठरवत असतानाच काका वर जाऊन आले. हातात गंजलेलं हॅक्सॉ ब्लेड.

“हे जाईल एवढीच गॅप ठेव. आमचा मेकॅनिक हेच वापरायचा.” आणि त्यांनी ते इरिडियमच्या प्लगमध्ये घुसवायला घेतलं. मी किंचाळलो. वॉचमन गेटवरून धावत आला. इरिडियमचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्यावर जोर दिला की तुटतं. वाकवायचा तो फक्त बाजूचा पत्रा, तोही हलक्या हाताने.

ब्लेड काढून घेतलं आणि उगाच, खरंच उगाच, व्हर्नियरमध्ये धरलं. ०.६४.

काका बघत होते. मी आकडा मोठ्याने वाचला नाही, पण व्हर्नियर डिजिटल आहे.

रविवारी नव्या गॅपवर पुन्हा डायनो. वाढवलेलं ८ टक्के काढलं, बूस्ट १.३, लॅम्बडा ०.८० वर सरळ, एक फट् नाही. गेटवर काका उभेच. “प्लगच ना?” “गॅप, काका. आणि त्याचं कारण तुम्ही...” “प्लगच.” फियाटची कॉइल मुळातच अशक्त, म्हणून तिला लहान गॅप. आमची कॉइल धट्टीकट्टी, पण ओझं दुप्पट. दोन वेगळ्या वाटा एका ब्लेडला येऊन मिळाल्या. हे मी ग्रुपवर चार परिच्छेदांत सविस्तर लिहिलं. त्याला एक अंगठा मिळाला, तोही मेहुण्याचा, आणि तो ग्रुपमध्ये कधी घुसला हाच नवा वाद सुरू झाला.

आज सकाळी सेक्रेटरींचा मेसेज : ‘टाकीचा पंप पाणी चढवत नाही. काकांनी कृपया बघावे.’

काकांचं उत्तर : ‘कचरा आला असेल. लाल गाडीवाल्याला पाने घेऊन खाली पाठवा.’

या वेळी पहिला अंगठा बायकोचा.