कारखान्यातला जुना पीसी आणि भाच्याचा जीटीए

दिवाळीच्या आधी आमच्या कारखान्यानं ऑफिसातले चार जुने पीसी काढले. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं काम आहे आमचं. त्या पीसींनी दहा वर्षं टॅली सोडून जगात काही बघितलं नव्हतं. मालक म्हणाले, भंगारात घालण्यापेक्षा कुणाला पाहिजे तर घ्या. मी एक तीन हजारात उचलला, ताईच्या पोरासाठी. भाचा आठवीत आहे. अभ्यासाला घेतला असं ताईला सांगितलं. खरं काय ते भाच्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

मशीन असं: इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, थर्ड जनरेशन, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, चपटा कॅबिनेट, चौकोनी मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड नाही.

पोरानं पहिल्याच दिवशी जीटीए फाइव्ह हा गेम मागितला. तो माझ्याकडं होता. मे २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना एपिक या ऑनलाइन गेम दुकानानं तो आठवडाभर फुकट वाटला होता, तेव्हा घेऊन ठेवलेला. शंभर जीबीच्या आसपास डाउनलोड. दोन रात्री पीसी चालू ठेवला, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेम उघडला. उघडला म्हणजे, चित्र आलं. गाडी चालवायला घेतली तर आपली सिद्धेश्वर यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक त्याच्यापेक्षा वेगानं पुढं सरकते. भाचा दहा मिनिटं शांत बसला आणि म्हणाला, "मामा, मशीन बाद आहे की ओ."

मला हे वाक्य लागलं. आणि माणसाला काही लागलं की तो पैसे घालवतो. मी दुसऱ्या दिवशी एका दुकानात जाऊन जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "कुठल्याबी पीसीला बसतंय." घरी येऊन कॅबिनेट उघडला तर कार्ड उंचीलाच बसेना. चपट्या कॅबिनेटला बुटकं कार्ड लागतं, लो प्रोफाइल म्हणतात ते. शिवाय या कार्डाला वेगळी सहा पिनांची पॉवरची वायर हवी होती आणि ऑफिसच्या पीसीच्या पॉवर सप्लायला ती वायरच नसते. परत द्यायला गेलो तर त्यानं न बोलता भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. विकलेला माल. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

चूक माझी होती. मी मशीन न बघता कार्ड घेतलं. आणि पोरानं तरी दुसरं काय केलं होतं? मशीन न बघता गेम निवडला होता. या पोस्टमध्ये माझं म्हणणं एवढंच आहे, की बाद काय असेल तर आपली निवड असते, मशीन नसतं. फेसबुकवर कुणी "चार जीबीत चालणारे गेम सांगा" म्हणून विचारलं की खाली पन्नास जण लिहितात, "साठ हजार जमव, गेमिंग पीसी घे." दाजी यंत्रमागावर आहेत. त्यांना जाऊन सांगा साठ हजार जमवा.

तर आधी मशीनकडं बघू. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चित्र कुणीतरी काढतंच असतं. ते काम प्रोसेसरच्या पोटातली चिप करते आणि तिच्याकडं स्वतःची मेमरी नसते. ती तुमच्या रॅममधूनच उसनं घेते. त्यामुळं अशा पीसीत रॅमचा खेळ दुप्पट महत्त्वाचा. त्यातही गंमत अशी, की रॅमची एकच पट्टी असेल तर रस्ता एकेरी, दोन सारख्या पट्ट्या असतील तर दुपदरी. बिनकार्डाच्या पीसीत याचा फरक डोळ्यांना दिसतो. मी डीडीआर थ्रीची चार जीबीची जुनी पट्टी सहाशे रुपयांत मिळवली. मग एक छोटी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, घातली. एसएसडीनं गेमचा वेग वाढत नाही हे नीट लक्षात घ्या, गेम उघडायची वाट बघणं कमी होतं. पण विंडोज तिच्यावर गेल्यावर सगळा पीसीच माणसात आल्यासारखा वागतो.

आणि सफाई. हे कुणी सांगत नाही. कॅबिनेट उघडला तर प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची गादी झालेली. टॉवेलच्या कारखान्यात दहा वर्षं काढलीत त्यानं, त्यातून हवा जाणार कुठून? प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपण म्हणतो गेम अडकतोय. ब्रशनं साफ केलं, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, जुनी वाळलेली पुसून नवी लावली. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात पीसी चालवणाऱ्यांनी गेमच्या आधी हे करावं.

एक भाग्य माझं, की प्रोसेसर थर्ड जनरेशन निघाला. गेमला चित्र काढायला विंडोजचं डायरेक्टएक्स नावाचं सॉफ्टवेअर लागतं, आणि सेकंड जनरेशनच्या आतली ग्राफिक्स चिप त्याच्या १०.१ पर्यंतच जाते. ११ मागणारा गेम तिथं हळू चालत नाही, उघडतच नाही. थर्ड जनरेशनपासून ११ चालतं. जुन्या बाजारात कुणी पाचशे रुपये कमी करून सेकंड जनरेशन गळ्यात मारत असेल तर ते पाचशे वाचवू नका.

मॉनिटरवरून भाच्याचे मित्र हसतात. चौकोनी, जुना. हसू देत. त्याचं रिझोल्यूशन १२८० बाय १०२४, म्हणजे साधारण १३ लाख ठिपके. फुल एचडीला २० लाख ७३ हजार लागतात. दुबळ्या चिपला प्रत्येक फ्रेमला साडेसात लाख ठिपके कमी रंगवावे लागतात. फुल एचडी मॉनिटर असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ७२० वर आणा, सावल्या बंद करा, मग बोला.

आता गेम. माझा ठोकताळा सोपा आहे: मशीनच्या वयापेक्षा चार-पाच वर्षं जुना गेम घ्यायचा, किंवा नवा पण मुद्दाम लहान बनवलेला. २०१२ च्या पीसीला २००७ चा गेम म्हणजे जावयाचा पाहुणचार. पोर्टल घ्या. २००७ चा आहे, ५१२ एमबी रॅम मागतो. भिंतीवर दोन भोकं पाडायची, एकातून शिरून दुसऱ्यातून निघायचं, आणि या एका कल्पनेवर अख्खा गेम उभा. रक्तपात नाही, इंग्रजी फारसं कळलं नाही तरी हात कळतात. सेलमध्ये मी शंभर रुपयांच्या आत घेतला. भाच्यानं चार रात्रींत संपवला आणि दुसरा भाग मागितला. तो २०११ चा, तोही चालला.

इंग्रजीचा मुद्दा निघालाच आहे तर. मराठी शाळेतल्या पोराला अंडरटेलसारखा गेम देऊ नका. गेम गुणी आहे, कुठल्याही पीसीवर चालेल, पण निम्मा गेम वाचायचाच आहे. पेपर्स, प्लीजचं तेच. तो मी स्वतः रात्री खेळतो. सीमेवरच्या नाक्यावर बसून लोकांचे कागद तपासायचे, चुका वाढल्या की पगार कापला जातो. कारखान्यातून घरी येऊन पुन्हा तेच, असं बायको म्हणते. लिम्बोमध्ये एक शब्दही नाही, पण त्यात लहान मुलगा वाईट पद्धतीनं मरतो, सारखा मरतो. आठवीतल्या पोराला चालेल, तिसरीतल्याला नको.

स्टारड्यू व्हॅली सगळेच सांगतात, मीही सांगतो. एका माणसानं एकट्यानं बनवलेला, २०१६ चा, डिस्कवर पाचशे एमबी जागा. शेती करायची. पुढं इतकं आहे की पाचशेच्या आतले पैसे वर्षभर पुरतात. फक्त मोहोळ-माढ्याकडच्या शेतकऱ्याला दाखवू नका, त्यात पेरलं की उगवतं आणि विकलं की भाव मिळतो.

फसायच्या जागा मात्र पुष्कळ. पहिली, नव्या कपड्यातला जुना गेम. जीटीएचाच व्हाइस सिटी, २००२ चा. आपण सगळ्यांनी नेट कॅफेत खेळलेला, कसल्याही डबड्यावर पळायचा. २०२१ ला तोच डेफिनिटिव्ह एडिशन म्हणून आला तो अनरियल इंजिन फोर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर नवा बनवून. नाव ओळखीचं, वजन दुसरं. रीमास्टर, डेफिनिटिव्ह असे शब्द दिसले की रिक्वायरमेंट, म्हणजे कसलं मशीन लागतं ते, पुन्हा वाचायची.

दुसरी, चित्रावरून वजन ओळखणं. माइनक्राफ्ट बघून वाटतं ठोकळे तर आहेत, पण त्याच्या जावा आवृत्तीखाली जुना पीसी घाम गाळतो. तिसरी जागा सगळ्यात वाईट, कारण ती उशिरा कळते. शहर वसवायचे, कारखाने उभारायचे गेम सुरुवातीला हलके असतात. चार घरं, दोन रस्ते, मस्त पळतं. वीस तासांनी शहर वाढलं की प्रत्येक माणसाचा, प्रत्येक गाडीचा हिशोब त्याच प्रोसेसरला करायचा असतो. सिटीज स्कायलाइन्सनं माझ्या जुन्या लॅपटॉपला असं मारलं. तोवर पैसे परत मागायची मुदत गेलेली.

हो, मुदत असते. स्टीम या ऑनलाइन गेम दुकानात घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेम परत देता येतो, कारण विचारून पिडत नाहीत. मला ते ग्राफिक्स कार्ड आठवतं आणि वाटतं, आपल्या बाजारात अशी पाटी कधी लागणार. दुबळ्या पीसीवाल्यानं हे दोन तास चाचणीला वापरावेत. पण गोष्टीचा आनंद घेत बसू नका. सरळ जिथं गर्दी, मारामारी, पाऊस असेल तिथं जा आणि बघा लॅग मारतोय का. मी असे तीन गेम परत केले, पैसे स्टीमच्या वॉलेटला आले. फॅक्टोरिओसारखा एखादा गेम तर फुकट डेमो देतो. ते बरंच आहे, कारण त्याचे मालक सेल कधीच लावत नाहीत, वाट बघून उपयोग नाही. बाकीच्यांची वाट बघा. उन्हाळ्यात आणि डिसेंबरात मोठे सेल येतात. आपल्याला नवा गेम चालणारच नसतो, मग घाई कसली? दुबळ्या पीसीचा हाच फायदा, तुम्ही कायम पाच वर्षं मागं असता आणि पाच वर्षं मागं सगळं स्वस्त असतं.

स्टीमची एक खोड आहे. तो स्वतःच रॅम खातो, कारण त्याच्या पोटात ब्राउझर असतो. आणि २०२४ च्या १ जानेवारीपासून विंडोज सेव्हनचा सपोर्ट त्यानं काढून टाकला. ज्यांच्याकडं अजून सेव्हन आहे त्यांनी जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातले जुने गेम बघावेत. तिथं इन्स्टॉलरची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येते, नंतर नेट नसलं तरी चालतं.

क्रॅक आणि रिपॅक, म्हणजे चोरून वाटलेल्या गेमबद्दल कुणीतरी कमेंटला लिहिणारच म्हणून आधीच. आपली पिढी तीस रुपयांच्या सीडीवर वाढली, मी साधू नाही. पण भाच्याच्या मित्रानं असाच एक गेम टाकला आणि पीसी रिकामा असतानाही पंखा ओरडायला लागला. आत कुणा परक्याचा मायनर, म्हणजे क्रिप्टो नाणी काढणारा प्रोग्रॅम, बसलेला, म्हणजे ह्याच्या विजेवर तो पैसे छापतोय. ज्या मशीनकडं मुळात जीव कमी, त्यात हा भाडेकरू कशाला? आणि मोबाइलचे गेम एम्युलेटरवर खेळू नका. पीसीत आख्खा फोन उभा करायचा आणि त्यात गेम चालवायचा, हे चार जीबीवाल्यानं करायचं काम नाही. ते फोनवरच खेळा.

फुकट पाहिजे तर सरळ फुकट असलेलं घ्या ना. एपिक दर गुरुवारी रात्री एक तरी गेम देतं. चालत नसला तरी घेऊन ठेवायचा, पुढं कधीतरी मशीन येईल. आणि ओपनटीटीडी. हा कायमचा फुकट. २००४ पासून लोक हौसेनं बनवतायत, जुन्या ट्रान्सपोर्ट टायकूनवरून. गाड्या, रेल्वे, बस चालवायच्या, माल पोचवायचा, पैसे कमवायचे. इतका हलका की टॅलीवाला पीसीसुद्धा त्याला झोपेत चालवतो.

भाच्याला तो मी शेवटी दाखवला, त्यानं मात्र पहिल्यांदा धरला. स्टेशनांची नावं बदलता येतात म्हटल्यावर इंग्रजी अक्षरांत सोलापूर, होटगी, मोहोळ, कुर्डुवाडी, बार्शी अशी लाइन टाकली. एकेरी रूळ, सात गाड्या. दुसऱ्या दिवशी होटगीला दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. मग सिग्नल शिकला. जीटीए मी काढून टाकला तर त्यानं विचारलंसुद्धा नाही, एसएसडीवर जागा झाली म्हणाला.

काल रात्री साडेदहाला दाजींचा फोन. मला वाटलं काय झालं.

"पोरगं झोपलंय. कुर्डुवाडीला गाड्या तुंबल्यात. ते सिग्नल कसं टाकायचं ओ?"

मागून ताईचा आवाज येत होता.