पीएफएएस आहे का, विचारताय कुणाला?

परत तोच फॉर्म! तुमच्या उत्पादनात पीएफएएस, म्हणजे फ्लोरिनची सहजी न विघटणारी रसायनं, आहेत का? असल्यास कोणत्या सुट्या भागात, किती टक्के, सीएएस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) काय? आठ दिवसांत सही-शिक्क्यासह पाठवा.

अरे, मी कॅथेटरच्या (शरीरात घालायच्या बारीक नळीच्या) कंपनीत रेग्युलेटरी, म्हणजे नियम-मंजुऱ्यांचं काम, बघतो, रसायनं शिजवत नाही. नळी नळीवाल्याकडून येते. त्याला विचारलं की तो रेझिनवाल्याकडे, म्हणजे नळीचं कच्चं प्लास्टिक बनवणाऱ्याकडे, बोट दाखवतो. रेझिनवाला म्हणतो, फॉर्म्युला गोपनीय आहे. शेवटी 'आमच्या माहितीनुसार हेतुपुरस्सर वापर नाही' असं एक गुळगुळीत वाक्य हातात पडतं. कहर म्हणजे एकाने चक्क 'पीएफएएस नाही' असं लिहून दिलं, आणि नळीच्या आतलं अस्तर पीटीएफईचं! पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, पीएफएएसमध्येच मोडतं हो, महाराज. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येनुसार रेणूत एक जरी कार्बन फ्लोरिनने पूर्ण भरलेला असला तरी पदार्थ यादीत. असे दहा हजारांवर पदार्थ आहेत.

कायद्याच्या नावाने खडे फोडणारा मी नाही. कार्बन-फ्लोरिनचा बंध सहजी तुटत नाही, म्हणून ही रसायनं पाण्यात आणि माणसांच्या रक्तात साठून राहिलीत. त्यातली पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (चिवट प्रदूषकांवरच्या जागतिक कराराच्या) यादीत गेली, ते योग्यच झालं. 'आमचं पीटीएफईसारखं पॉलिमर निरुपद्रवी' म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. तेच पॉलिमर बनवताना वर्षानुवर्षं पीएफओए वापरलं गेलं, ते कारखान्यांबाहेर कुणी सोडलं?

पण निस्तरायचं कुणी? जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या पाच देशांनी २०२३ च्या सुरुवातीला युरोपीय संघात पीएफएएसवर सरसकट बंदीचा प्रस्ताव मांडला. त्यावर ५,६०० हून जास्त हरकती-सूचना आल्या. काही वापरांना साडेतेरा वर्षांपर्यंत सवलत सुचवली होती. पण कायद्यातली सवलत काय चाटायची, माल बनवणाराच दुकान बंद करत असेल तर? थ्रीएम या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केलं, २०२५ अखेर पीएफएएसचं उत्पादन बंद. त्यात पीटीएफईसारखे फ्लोरोपॉलिमरही आले. वैद्यकीय उपकरणांना माल लागतो तो किती? चिमूटभर. आमच्यासाठी कोण कारखाना चालू ठेवणार!

'मग दुसरं मटेरियल वापरा ना,' हे सल्ले तर डोक्यात जातात. ती नळी हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत जाते. आतून गाइडवायर (वाट दाखवणारी बारीक तार) न अडखळता सरकली पाहिजे, निर्जंतुकीकरणात अस्तराला काही होता कामा नये, रक्ताशी त्याची प्रतिक्रिया होता कामा नये. मटेरियल बदललं की आयएसओ १०९९३ या मानकानुसार जैवसुसंगततेच्या (शरीराला अपाय होत नाही ना, याच्या) चाचण्या, निर्जंतुकीकरणाचं व्हॅलिडेशन, शेल्फ लाइफचा अभ्यास, मग युरोपात उपकरणं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या नोटिफाइड बॉडीच्या दारात रांग. वर्षं जातात, वर्षं! आणि एवढं करून नवं अस्तर तितकंच निसरडं निघेल याची हमी कुणी द्यायची?

बंदी घाला, पण आधी रेझिनवाल्याला कायद्याने बोलतं करा. त्याने घटक जाहीर करायचे, खाली प्रत्येकाने तेच पुढे द्यायचे. पुरवठा थांबवायचा असेल तर पर्यायाच्या चाचण्या पुऱ्या होईपर्यंत साठा राखायची सक्तीही त्याच्यावरच करा. आज सगळं उलटं चाललंय. ज्याला घटक माहीत आहेत तो गोपनीयतेच्या आड, आणि ज्याला माहीत नाहीत त्याच्या सहीवर सगळा भार.