‘नुसतं बघायचे ३,५०० घेतले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार दिलात, हरकत नाही. पण तो वाचून गिऱ्हाइकं विचारायला लागलीत, म्हणून इथेच लिहितो. तुमचं म्हणणं, आम्ही गॅरेजवाल्यांनी नुसतं बघायचे ३,५०० घेतले, काम काहीच केलं नाही, वर तुमची अल्टो गाडी भंगारात घाला म्हणालो. आणि दुसरा मिस्त्री तीच गाडी १२,००० मध्ये करून देतोय.

त्या ३,५०० मध्ये पाचवडहून टोचन आलं, इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवायची मजुरी आली. हेड उतरवायचं तर मॅनिफोल्ड, टायमिंग बेल्ट सगळं आधी सुटं करावं लागतं. खोलण्याआधी रक्कम व्हॉट्सॲपवर कळवली होती, तुमचं ‘खोला’ हे उत्तरही तिथेच आहे.

आता आत काय निघालं ते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दीडशे पीएसआयच्या वर यायला हवं, मधल्या सिलिंडरला चाळीसही नाही. ऑइल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी. हेडवर पट्टी ठेवली तर खालून ०.३० मिमीची पाती आरपार जाते, म्हणजे हेड वाकलंय; चालतं ते ०.०५ मिमीपर्यंत. एवढंच असतं तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे हेड घासून सपाट करून, गॅस्केट टाकून मीही १२,००० च्या आत गाडी दिली असती. पण मधल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हांच्या मध्ये हेडला चीर आहे आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, उभे ओरखडे. नख अडकतं. तुम्ही स्वतः फिरवून पाहिलंत.

खंबाटकी घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला, थांबून गार पाणी ओतलं, थोड्या वेळाने काटा खाली आला म्हणून निघालो, हे तुम्हीच सांगितलंत. साहेब, पाणीच संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. आणि तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी हा ते फोडायचा हमखास उपाय. तुम्हाला नावं ठेवत नाही. एप्रिल-मे आला की अशा गाड्या आमच्या दारात येतातच.

नवं हेड, बोअरिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, मजुरी धरून ४५,००० च्या खाली काम होत नाही. २०११ ची अल्टो, चालू असती तरी साठ-पासष्ट हजार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून तीस हजारांत बसवायचा पर्यायही दिला होता, तो रिव्ह्यूत आला नाही. त्याची गॅरंटी मी घेत नाही, आणि आरटीओत आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. शिवाय पंधरा वर्षं भरत आली: फेरनोंदणीचे ५,०००, पर्यावरण कर वेगळा, पासिंगसाठी खालचा पत्रा करायचा तो वेगळा. इन्शुरन्सचं विचारत होतात. फुल इन्शुरन्स असता तरी असं बिघडलेलं इंजिन त्यात बसत नाही.

दुसऱ्या मिस्त्रीबद्दल वाईट बोलणार नाही. त्याला एवढंच विचारा, हेड नवं की वेल्डिंग मारलेलं, बोअर करणार की नुसत्या रिंगा घालणार, आणि लेथवाल्याचं बिल देणार का. १२,००० मध्ये गाडी चालू होईलही, साताऱ्यात फिरेलही. घाटात नेऊ नका म्हणजे झालं.

आणि ‘भंगारात घाला’ असं नाही, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या म्हणालो होतो. तिथे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नवी गाडी घेताना करात सवलत आहे, आणि नोंदणी रद्द करून घेता येते. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिलीत तर कागदावर गाडी तुमच्याच घरची राहते, उद्या नंबरप्लेट कुठे सापडली तर पोलीस तुमच्याच दारी. आरसी अजून तुमच्या अण्णांच्याच नावावर आहे, ती आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या. अण्णा स्वतः सर्व्हिसिंगला यायचे, गाडीत जीव होता त्यांचा, हे मला माहीत आहे. पण म्हणून तुमचे ४५,००० त्यात घालायला लावणं मला जमलं नाही.

सगळे सुटे भाग गोणीत बांधून डिकीत ठेवलेत, नेताना मोजून घ्या. जागेचं भाडं घेत नाही, फक्त पावसाआधी गाडी हलवा. बॅटरी गेल्या दिवाळीत टाकलेली आहे, गाडी कुठेही दिलीत तरी तिचा भाव वेगळा ठरवा.